झोपवून, उठवून, मगच घेणारी

धम्मप्रिया बनसोडे मला पहिल्यांदा नीट दिसली ती आमच्या शाळेच्या कॉम्प्युटर खोलीच्या खिडकीशी. तेव्हा ती आठवीत होती. मधल्या सुट्टीत गजांना नाक लावून आत बघत होती. आत सहा कॉम्प्युटर, त्यांच्यावर सहा फुलाफुलांची कव्हरं, आणि दाराला कुलूप. मी हटकलं तर वळून म्हणाली, "बाई, कव्हरं धुवायला काढता तवा तरी आमाला बोलवा की."

मी तिला रागावले, आणि मग मुख्याध्यापकांना विचारलं. सिस्टिमच्या परवान्याची मुदत संपली होती आणि ज्याने यंत्रं दिली तो फोन उचलत नव्हता. मी तिला तसं सांगितलं.

"म्हंजी मशीन आपलं, आन् मर्जी दुसऱ्याची?"

ती दहावी होऊन गेली तरी त्या खोलीचं कुलूप निघालं नाही.

पुढे तिने डिप्लोमा केला. एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायची नोकरी लागली, आणि तिथेच तिला लिनक्स सापडलं. कुणीही उघडून पाहावी, बदलावी, वाटावी, अशी ही ऑपरेटिंग सिस्टिम. तिला मुदत नाही की परवानगी नाही. मात्र ती कुठल्या यंत्रावर सुखाने नांदेल ते आधी पाहावं लागतं, आणि सारी अडचण ग्राफिक्स कार्डाशी येते. कार्ड चालवणारा छोटा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, कंपनीने खुला ठेवला असेल तर तो सिस्टिमबरोबरच येतो. बंद ठेवला असेल तर दर वेळी कंपनीच्या दारात उभं राहायचं. हे मला तिनेच शिकवलं, माझा कॉम्प्युटर घेताना.

त्या दिवशी आम्ही नवी पेठेतल्या अमरेशच्या दुकानात गेलो होतो. धम्मप्रियाने पर्समधून पेनड्राइव्ह काढला. त्यावर अख्खी सिस्टिम होती. दुकानात मांडलेल्या एका यंत्राला तिने तो लावला, पडदा उजळला, आवाज ऐकला, आणि यंत्राला झोपवलं, म्हणजे बंद न करता स्लीपवर टाकलं; ड्रायव्हर जुळला नसेल तर झोपलेलं यंत्र उठत नाही. पडदा काळा झाला. दोन मिनिटांनी तिने एक बटण दाबलं. काहीच झालं नाही.

"न्हाय चालत. दुसरं दावा."

"अक्का, मशीन घ्यायलाव का जावई बघायलाव?" अमरेश म्हणाला.

"जावई परवडला. झोपला तर सकाळी उठतो तरी."

अमरेश इतका हसला की त्याने आमच्यासाठी चहा मागवला. चौथ्या यंत्रावर तिची पसंती बसली. त्यात वेगळं कार्ड नव्हतं. प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स होतं आणि त्याचा ड्रायव्हर खुला होता. ते सहा वेळा झोपलं आणि सहा वेळा उठलं. झोपवल्याशिवाय ती कुणालाही यंत्र घेऊ देत नसे.

मागच्या वर्षी बुधवार पेठेतल्या विहाराशेजारी मुलींसाठी अभ्यासिका करायचं ठरलं. खोली वस्तीतल्या म्हाताऱ्या कस्तुराबाईंनी दिली, नवऱ्याच्या आठवणीखातर. बारा कॉम्प्युटर घ्यायचे होते. विहाराच्या समितीचे अध्यक्ष यशपाल शिवशरण यांनी एका पुरवठादाराचं पत्रक आणलं. काचेची पेटी, आत रंगीत दिवे, मोठं ग्राफिक्स कार्ड. यशपाल वाईट माणूस नव्हे. आपल्या वस्तीतल्या पोरींना दुय्यम काही मिळू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं.

"दादा, टायपिंगला आन् परीक्षेच्या सरावाला ह्ये कार्ड कशाला?" धम्मप्रिया म्हणाली. "त्याचा ड्रायव्हर बंद हाय. उद्या कंपनीनं अंग काढून घेतलं की आपली खोली बंद."

"आपल्या लेकरांनी कायम साधंच वापरायचं व्हय गं?"

"साधं न्हाय. आपलं."

शेवटी ठरलं की रविवारी वंदनेनंतर दोघांनी एकेक यंत्र सगळ्यांसमोर मांडायचं. समिती ज्याचं यंत्र पसंत करेल, त्याच्याच हाती खोली. धम्मप्रियाचं हरलं तर पुरवठादाराची सिस्टिम, पुरवठादाराचा माणूस आणि पुरवठादाराचे नियम.

आणि इथे ती चुकली. दिव्यांच्या पेटीपुढे आपलं यंत्र फिकं दिसू नये म्हणून तिने दोनच महिन्यांपूर्वी बाजारात आलेला सगळ्यात नवा प्रोसेसर मागवला. पेटी शनिवारी संध्याकाळी आली. तिने सिस्टिम घातली, पडदा उजळला, आणि ती घरी गेली. त्या एका वेळी तिने झोपवून पाहिलं नाही.

रविवारी भरल्या खोलीत तिने यंत्राला झोपवलं. ते उठलं नाही. तिने पुन्हा चालू केलं, पुन्हा झोपवलं. पडदा काळाच राहिला.

"तुझं तर कायमचं झोपलं की गं!" यशपाल म्हणाले आणि खोली हसली. मी मागच्या खुर्चीवर होते. तिचे कान लाल झालेले मला तिथून दिसत होते. पण ती खाली बसली नाही.

"चूक माझी हाय," ती म्हणाली. "मी मिरवायला गेले. प्रोसेसर इतका नवा हाय की आपल्या सिस्टिमला त्याची अजून वळख न्हाय. दीड-दोन वर्सं मुरलेला घ्यायला पायजे होता. माझी निवड चुकली, दादा. माझं म्हणणं चुकलं न्हाय. ह्या रविवारी न्हाय जमलं, पुढच्या रविवारी दावते."

मग ती दिव्यांच्या यंत्राकडे वळली. "ह्याला जरा पेनड्राइव्ह लावते."

यंत्राबरोबर आलेल्या पुरवठादाराच्या माणसाने झटकन हात आडवा धरला. "मॅडम, हात लावू नका. वॉरंटी जाईल. आमच्याशिवाय कुणी काही घालायचं नाही."

तेव्हा कस्तुराबाई पहिल्यांदा बोलल्या. "हात लावायचा न्हाय?"

"म्हणजे, आजी, वापरायला लावा. आत काही बदलायचं नाही."

"आन् तुमी उद्या फोन न्हाय उचलला तर?"

मग कस्तुराबाई यशपालना म्हणाल्या, "पोरीनं चुकले म्हणून तरी सांगितलं. हे तर हातच लावू देईनात. आमच्या पिढीला लई जागी हात लावू दिला न्हाय, बाळा. माझ्या खोलीत तरी ते नगं. आठ दिवस दे तिला."

यशपालनी मान खाली घातली. "दिले," ते म्हणाले.

आठ दिवसांनी धम्मप्रियाने अमरेशच्या दुकानातून पावणेदोन वर्षांपूर्वीच्या प्रोसेसरचं यंत्र आणलं. पेटी काळी, दिवा एकच. या वेळी तिने स्वतः बटणाला हात लावला नाही, यशपालना बसवलं. त्यांनी अकरा वेळा झोपवलं आणि अकरा वेळा ते उठलं. बाराव्या वेळी ते म्हणाले, "झोपू दे गं बिचाऱ्याला," आणि तशी बारा यंत्रं घ्यायचं ठरलं.

धम्मप्रिया अजून त्या टॉवेल कारखान्यात नोकरीला आहे. सकाळी सात ते नऊ ती अभ्यासिकेत असते. यंत्रांवर कव्हरं नाहीत, आणि खोलीची किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला टांगलेली असते.