मेणाच्या कवचाचा गवंडी

"मुलगी काय करते?" या प्रश्नाला "टीबीचे जंतू पाळते" असं उत्तर द्यायचं नसतं, हे मला पाहुण्यांनी पोह्यांच्या बशा खाली ठेवल्यावर कळलं.

आमच्या न्हावरे गावातली, आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरातली ही मुलगी. पुण्याला प्रयोगशाळेत संशोधन करायची. शनिवारच्या एसटीनं आली की अंगणातूनच ओरडायची, "काका, हात धुतले का?" आणि बोलताना स्वतःचे हात छातीपुढं अधांतरी धरायची. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील; काम सुटलं तरी हात कामावरच असतात. मी विचारायचो, "मेंदी लावलीय का गं?" ती म्हणायची, "सवय हो काका."

त्या रविवारी दौंडकडचे पाहुणे तिला बघायला आले होते. मुलगा तिला मनापासून पसंत होता, फोनवर बोलणंही झालं होतं. मोठ्यांचा होकार तेवढा बाकी होता. तिच्या वडिलांनी शेजारधर्म म्हणून मला बैठकीत बसवलं आणि मी कौतुकाच्या भरात तोंड उघडलं.

मुलाचे वडील ताठ झाले. "आमच्या घरात आजवर कुणाला असला रोग न्हाई."

"अख्खा जंतू नसतो हो," मी सावरायला गेलो, "आतलं कायतरी काढून घेते." माझ्या बायकोनं स्वयंपाकघराच्या दारातून असं बघितलं की उरलेलं वाक्य मी चहाबरोबर गिळलं.

मग मुलगीच बोलली. "मामा, जंतू माझ्याकडं नसतोच. त्याचं एक एन्झाइम असतं, तेबी दुसऱ्या निरुपद्रवी जंतूकडनं बनवून घेतलेलं. टीबीचा जंतू अंगाभोवती मेणासारखं कवच बांधतो. हे एन्झाइम म्हंजी त्या कामावरचा गवंडी. त्याचे हात बांधले की कवच उभं ऱ्हात न्हाई, जंतू मरतो. आत्ताची एक गोळी हेच करती, पण काही जंतू तिला दाद देत न्हाईत. आम्ही नवी शोधतोय."

"मग स्थळासाठी धाडलेल्या फोटोत हातमोजे कशाला घातलेत?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

"त्याला आपल्यापासून जपायला. आपला हात लागला की ते नासतं."

मुलगा हसला. वडिलांनी बघितलं, तसा थांबला.

इतका वेळ गप्प असलेली मुलाची आई एकदम म्हणाली, "नवी गोळी तरी उपाशीपोटी घ्यायची नसंल ना गं? लई मळमळतं." मग घाईनं पदर सावरत, "म्हंजी, म्हणतात."

मुलीनं तिच्याकडं पाहिलं. "व्हय मामी," ती हळूच म्हणाली, "म्हणतात तसं."

"ते ऱ्हाऊ द्या," वडील म्हणाले. "लग्नानंतर हे काम बंद. असल्या रोगाचं नाव माझ्या उंबऱ्याच्या आत नको. बोल पोरी, कबूल हाय?"

कोणी बशी उचलेना. तिचे वडील तिच्याकडं बघत होते, मुलगा जमिनीकडं. त्याची आई हातातला पेला पदरानं पुसत होती. मुलीनं त्या पेल्याकडं पाहिलं, मग मुलाकडं. काहीतरी तिच्या ओठांवर आलं आणि तिनं ते परत घेतलं, हे मलासुद्धा दिसलं. मला वाटलं, आता होकार देते.

"न्हाई मामा. काम सुटायचं न्हाई."

गाडीत बसण्याआधी मुलाच्या आईनं तिची हनुवटी धरली.

मुलगी आता लांब, परदेशातल्या प्रयोगशाळेत असते. शनिवारची एसटी येते आणि माझ्या हातांची चौकशी न करता जाते.

त्या रविवारी संध्याकाळी, पाहुणे गेल्यावर, मी प्रायश्चित्त म्हणून बशा विसळायला बसलो होतो. बायकोला म्हणालो, "पोरगी हट्टी. म्हाताऱ्याला गप्प करायला एक शब्द बोलली नाही."

"व्हता की शब्द तिच्याकडं," बायको म्हणाली. "त्या पोराच्या आईनं टीबीच्या गोळ्या खाल्ल्यात, आन् त्याबी नवऱ्याच्या चोरून. पोरीनं ते काढलं असतं, तर म्हातारा जागीच गप्प झाला असता. पण घरी गेल्यावर त्या बाईचं काय झालं असतं? सगळ्यांनाच तुमच्यासारखं बोलून टाकता येत न्हाई."