मिस्त्रीच्या सहा रेकॉर्डी

मला पाश्चात्त्य संगीतातलं काही कळत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे एका विलायती बँडबद्दल मी अशा थाटात बोलणार आहे की कुणाचाही गैरसमज व्हावा. त्या बँडच्या सहा रेकॉर्डींमधली एकूण एक गाणी मला पाठ आहेत. म्हणजे चाली पाठ आहेत, शब्द आजही लागत नाहीत. ही विद्या मी कुवेतला, सालमियातल्या एका खोलीत, दर शुक्रवारी नाइलाजानं मिळवली.

खोलीत आम्ही दोघं राहायचो. मी एका कंत्राटदार कंपनीत ड्राफ्ट्समन, आणि दुसरा मालवणकडचा सुतार. त्याला सगळे मिस्त्री म्हणायचे, मीही. तो मला पुणेकर म्हणायचा, आणि त्यात कौतुक अजिबात नसायचं. एका इंग्रज साहेबाच्या स्वयंपाकघरातली कपाटं त्यानं करून दिली होती. साहेब कायमचा मायदेशी निघाला तेव्हा त्यानं मिस्त्रीला एक रेकॉर्ड प्लेअर आणि या सहा रेकॉर्डी देऊन टाकल्या. बँड इंग्लंडचा, पण वाजवायचा अमेरिकेतलं जुनं, रॉकाबिली नावाचं संगीत. केसांचे उंच कोंबडे काढलेली पोरं, गिटार, ड्रम आणि माणसापेक्षा उंच असं एक लाकडी व्हायोलिन, उभं धरून वाजवायचं. वाजवायचं म्हणजे तारा ओढून सोडायच्या आणि वर तळहातानं फटके मारायचे. मिस्त्रीचा जीव त्या लाकडात अडकला होता. गाणारा काय गातो याच्याशी त्याला काही कर्तव्य नव्हतं.

"ऐक, लाकूड बोलता," तो म्हणायचा. मग कव्हरवरचा फोटो डोळ्यांजवळ धरून, पुढची फळी कुठल्या लाकडाची आणि पाठची कुठल्या, यावर माझं डोकं खायचा. तिसऱ्या रेकॉर्डीवर एक अगदीच भिकार गाणं होतं. त्यात गाणारा मध्येच कुत्र्यासारखा विव्हळायचा. ते लागलं की आम्ही दोघंही त्याच्याबरोबर विव्हळायचो, आणि आमच्या खालच्या खोलीतला हारिस, म्हणजे इमारतीचा राखणदार, काठीनं छत ठोकायचा. मी त्या गाण्याची आठवडाभर वाट बघायचो, हे मात्र तेव्हा कबूल केलं नसतं.

रेकॉर्डींसाठी त्यानं पेटी केली होती. कुठल्याशा बंगल्याच्या दारांतून उरलेलं सागवान, खाचेत खाच बसवलेली, एकही खिळा नाही. पुढे आणखी मिळतील म्हणून ती ऐसपैस केलेली, पण मधली फळी सरकवली की सहा रेकॉर्डी जागच्या हलायच्या नाहीत. नव्वद सालच्या जुलैत तो सुट्टीवर गावी गेला, तेव्हा जाताना एवढंच म्हणाला, "रेकॉर्डी तेवड्यो सांभाळ." मी म्हटलं, "तुझ्या रेकॉर्डी कोण नेतोय?" ऑगस्टमध्ये इराकी फौज आली.

त्या दिवसांबद्दल लोकांनी पुष्कळ सांगितलं आहे, मी माझ्यापुरतं सांगतो. जॉर्डनकडे निघालेल्या बसमध्ये माणशी एक बॅग आणि एक नग एवढंच घेता येत होतं. माझ्याकडे एक कोरा फूड प्रोसेसर होता, कणीक मळणारा. लग्नाला वर्ष झालं होतं, बायको पुण्यात होती, आणि तो आणायचं मी तिला तीन पत्रांतून कबूल केलं होतं. त्याचं पुठ्ठ्याचं खोकं फाटलं होतं. बसच्या टपावर टिकेल अशी एकच वस्तू खोलीत होती. मी रेकॉर्डी काढून मिस्त्रीच्या खाटेवर ठेवल्या, पेटीत फूड प्रोसेसर बसवला आणि वरून दोरी आवळली. देश बुडत असताना मी कणकेची सोय बघत होतो. त्या वेळी मला ते अत्यंत शहाणपणाचं वाटलं होतं.

सरहद्दीवरच्या छावणीत चौथ्या दिवशी जळण संपलं. मी पेटी फोडली. सागवान चांगलं जळलं, आम्ही अकरा जणांनी चहा घेतला. यंत्र तिथेच वाळूत राहिलं.

ब्याण्णव साली मी परत आलो. मिस्त्रीही नव्या व्हिसावर आला, या वेळी जहराला, एका सुतारकामाच्या शेडमध्ये. भेटल्या भेटल्या त्यानं रेकॉर्डींचं विचारलं. मी म्हटलं, "सगळं लुटलं रे सैनिकांनी. पेटीसकट." खोली खरोखरच लुटली गेल्याचं मला कळलं होतं, छताचा पंखासुद्धा राहिला नव्हता. त्यामुळे आपण फार खोटं बोललो असं मला वाटलं नाही.

"जांवदे," तो म्हणाला. "तू जिवंत इलंस ना? झाला तर."

पुढची नऊ वर्षं मी महिन्या-दीड महिन्यानं, एखाद्या शुक्रवारी, सालमियाहून जहराला जायचो. बायको आणि मुलगी कुवेतला आल्यावर कधी त्यांनाही न्यायचो. तो मासे करायचा, गावच्या गोष्टी सांगायचा, मला टोमणे मारायचा. गाण्याचा विषय मात्र त्यानं कधी काढला नाही. मला वाटायचं, रेकॉर्डी गेल्याचं त्याला अजून लागून राहिलं आहे. सांगून टाकावं असं दर वेळी वाटायचं, आणि दर वेळी मी पोटभर जेवून परत यायचो.

मग त्यानं कायमचं गावी जायचं ठरवलं. रविवारचं तिकीट होतं. बायकोला सगळं ठाऊक होतं. ती म्हणाली, "अहो, आता तरी सांगा. तो गेला की मग कुणाला सांगणार? भिंतीला?" मी म्हटलं, सांगतो. पण रिकाम्या हातानं सांगायची छाती होईना.

त्याच आठवड्यात सालमियातल्या एका दुकानात मला तो संच दिसला. दोन सीडी, त्या बँडची पहिल्यापासूनची निवडक गाणी, सोबत फोटोंची पुस्तिका. पुस्तिकेत एका पानावरच्या नाचणाऱ्या बाईचे पाय काळ्या मार्करनं झाकलेले होते, तशी तिथली पद्धतच. पहिल्या पानावर ती कोंबडेवाली हडकुळी पोरं होती, शेवटच्या पानावर तीच, पोटं सुटलेली. केस विरळ झालेले, तरी वर उभे केलेले. घरी मी दोन्ही सीडी सलग ऐकल्या. पहिलीवरची मंडळी घाईत होती, दुसरीवरची सावकाश. शेजारून मुलगी म्हणाली, "बाबा, धिस इज सो ओल्ड." मी म्हटलं, हो.

शुक्रवारी सकाळी जहराला गेलो. सीडी लावायला त्याच्याकडे काही नव्हतं म्हणून आम्ही माझ्या गाडीत बसलो, शेडच्या सावलीत, एसी लावून. त्यानं पुस्तिका मांडीवर ठेवली आणि बोटांनी डॅशबोर्डवर ठेका धरला. दोन गाणी झाल्यावर म्हणाला, "लाकूड धुवन टाकल्यानी ह्येनी. आवाज साफ, पण लाकूड खंय?" मग मागची यादी बोटानं वाचायला लागला. त्याला इंग्रजी यायचं नाही, पण नावं अक्षरांच्या आकारावरून ओळखायचा.

"आपला कुत्र्याचा गाणा नाय ह्यात."

"नाही. निवडून घेतलीत गाणी."

"बरी बरी तेवडी घेतल्यानी मेल्यांनी," तो म्हणाला, आणि खरंच नाराज झाला.

मी आवाज कमी केला. "मिस्त्री, रेकॉर्डी लुटल्या तेव्हा पेटीत नव्हत्या," मी म्हणालो. आणि मग थांबलो नाही. बस, फूड प्रोसेसर, खाटेवर ठेवलेल्या रेकॉर्डी, छावणी, चहा, सगळं सांगितलं. तो समोरच्या काचेकडे बघत होता.

"पेटी जाळलंस?"

"हो."

"सगळी?"

"सगळी."

"सागाची होती रे ती," तो म्हणाला. त्याचा चेहरा पहिल्यांदाच पडला. मग विचारलं, "चाय तरी बरी झालेली?" मी मान हलवली. कशी झाली होती ते मला आठवत नव्हतं.

गाणं संपलं, दुसरं लागलं. मग तो म्हणाला, "रेकॉर्डी माझ्याकडे आसत."

मला कळेना. त्यानं सांगितलं. ब्याण्णवमध्ये माझी भेट झाल्यावर आठवड्यानं तो सहज जुन्या इमारतीकडे गेला होता. लुटणाऱ्यांनी पंखा नेला, प्लेअर नेला, विजेची बटणं उपटून नेली, खाटेवरच्या रेकॉर्डींना कुणी हात लावला नाही. हारिसनं त्या उचलून आपल्या खोलीत ठेवल्या होत्या. त्यानं त्या मिस्त्रीच्या हवाली केल्या आणि वर सांगितलं, तुझ्या दोस्तानं पेटी नेली, या इथे टाकल्या. मिस्त्रीनं जुन्या बाजारातून एक प्लेअर घेतला.

"मग मला बोलला नाहीस ते?"

"कसा बोलतलंय? तू खोटो पडलो असतंस. मगे तू हंय येणा सोडलं असतंस."

"आणि ऐकायचास?"

"दर शुक्रवारी. तू येवचो आसलंस की गाडीचो आवाज आयकान सगळा खाटीखाली सारी."

मी म्हटलं, आता लाव. काढ बाहेर, आता काय राहिलंय लपवायचं. तो म्हणाला, सगळं बुधवारीच कार्गोला गेलं.

मला फार लाज वाटली. खोटं बोलल्याची लाज मला जुनी होती, तिची सवय झाली होती. ही नवी होती. माझी गाडी दारात वाजली की तो माणूस दर वेळी चालू गाणं मध्येच तोडत होता, आणि मी आत जाऊन त्याच खाटेवर मांडी घालून जेवत होतो.