आत्यांचा मंगळवार

आत्या मंगळवारी पाणी पीत नसत. नगर परिषदेच्या सभागृहात शिपाई ट्रे घेऊन फिरू लागला की सगळ्यांचे हात पुढे जात, आत्या मात्र पेल्यावर तळहात आडवा धरून म्हणत, "मंगळवार हाय बाप्पा." चहा नाही, पाणी नाही, वैशाखात ताकसुद्धा नाही. मंगळवार म्हणजे देवीचा नाहीतर गणपतीचा, आणि बाईमाणसाने काही नको म्हटले की तो उपासच, ही आमच्याकडची पक्की समजूत. त्यामुळे कारण कोणी विचारले नाही. अध्यक्ष तर बाहेरच्या पाहुण्यांना कौतुकाने सांगत, "आमच्या आत्यांचा निर्जळी मंगळवार असतो. या वयात!" आत्या त्यावर नुसत्या हसत.

आमचे गाव अमरावती आणि अकोला यांच्या मधले. मंगळवारी बाजार भरतो. आसपासची सगळी माणसे त्या दिवशी गावात असतात, म्हणून परिषदेची सभाही मंगळवारीच घ्यायची, असा जुना रिवाज आहे. आत्या त्या बाजारात सांभार विकत; सभेपुरत्या उठून येत आणि सभा संपली की पुन्हा तिथेच जाऊन बसत. बाकीचा महाराष्ट्र ज्याला कोथिंबीर म्हणतो तो. त्यांच्या हातांना, लुगड्याला, सभेच्या कागदांनासुद्धा सांभाराचा वास असे. वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला तेव्हा 'गरीब आहे, मान डोलवील' असा अंदाज बांधून पुढाऱ्यांनी त्यांना उभे केले. इतर नगरसेविकांच्या खुर्च्यांवर त्यांचे यजमान बसत. आत्या विधवा होत्या. एकदा भर सभेत म्हणाल्या, "माह्यावाला असता त थोच बसला असता इथं. गेला, म्हणून मी आली."

त्यांना साध्वी ठरवण्याचा माझा हेतू नाही. त्या जुडी बारीक बांधत आणि कोणी तक्रार केली तर वर ऐकवत, "जुडी तेवढीच हाय बाई, तुमचं घर मोठं झालं असन." नगरसेविकेचे ओळखपत्र गळ्यात अडकवून त्या बाजारात बसत आणि त्याच तोऱ्यात शेजारणीशी जागेसाठी भांडत. मी स्वीकृत सदस्य, पेशाने वकील. मला त्या 'वकीलसाहेब' म्हणत. पण त्या संबोधनात आदर किती आणि चेष्टा किती, हे ठरवणे कठीण होते.

पुढे शहराचा वीस वर्षांचा विकास आराखडा करायचे ठरले. माझी भाषा बरी म्हणून मसुदा माझ्याकडे आला. 'महिला-स्नेही शहर' हा शब्दप्रयोग माझाच, आणि तो सुचल्याचा मला आनंदही झाला होता. प्राधान्यक्रमात पहिले नाव होते बाजाराच्या कोपऱ्यातल्या मोकळ्या जागेवरील रंगीत कारंज्याचे. त्यानंतर स्वागत कमान. मी वाचन संपवले तशा आत्या उठल्या.

"वकीलसाहेब, लय छान वाचलं. आता मले एक सांगा, बाजारात बायकाइले जायाले जागा कुठी हाय?"

कोणी खोकले, कोणी खाली पाहिले. एक सदस्य म्हणाला, "आत्या, हा वीस वर्षांचा इचार हाय. त्याच्यात संडास काय लिवता!"

"वीस वर्षं थांबतो आमी. मंगळवारी दोपारी नाही थांबता येत."

सभागृह हसले. मुख्याधिकाऱ्यांनी शांतपणे समजावले की बाजार आठवड्यातून एकच दिवस भरतो, त्यासाठी कायमस्वरूपी बांधकाम व्यवहार्य नाही. अध्यक्षांनी शिपायाला खूण केली. "आत्या, उपासानं डोकं तापलं तुमचं. आज घोटभर घ्या, देवी माफ करन."

आत्यांनी तो पेला टेबलावर असा आपटला की पाणी माझ्या मसुद्यावर सांडले. "कोणाचा उपास? पाणी पेलं त जाऊ कुठी? माणसं भिंतीपाशी जाऊन येतात. आमी पहाटी घरून निंघतो, त थेट रात्री घरी गेल्यावर. त्या बाजारातली एकबी बाई पाणी पेत नाही. आमी तहानेनं मरून राहिलो, अन् तुमी त्याले देवीचं नाव देलं!"

माझे घर बाजाराच्या मागच्या गल्लीत आहे. त्या बायकांकडून मी वर्षानुवर्षे भाजी घेत आलो. त्या दिवशी मी हसलो नाही, याचे समाधान मी पुष्कळ दिवस बाळगले. आता वाटते, हसणारे निदान काहीतरी ऐकून हसले होते. मी ओला मसुदा रुमालाने टिपत बसलो. आराखडा सर्वानुमते मंजूर झाला. आत्यांची मागणी 'इतर' या सदराखाली गेली. त्या सदराला प्राधान्यक्रम नसतो.

दुसऱ्या वर्षी त्यांना मूतखड्याचा त्रास वाढला, ताप उतरेना, म्हणून अमरावतीला हलवले. मी भेटायला गेलो तेव्हा डॉक्टर विचारत होते, "आजी, पाणी किती पिता?"

"वार पाहून," आत्या म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "वकीलसाहेब, कारंज झालं का?"

"काम चालू आहे, आत्या."

"मंग पाणी हाय म्हणा गावात."

त्या परत आल्या नाहीत. आणि ज्या परिषदेने त्यांना चार भिंती दिल्या नाहीत, तिने त्यांचे नाव त्या कारंज्याला दिले. मी विरोध नोंदवला, संडासाचा ठराव नव्याने मांडला. "पुढच्या आराखड्यात बघू," असे उत्तर मिळाले. गर्दी आयती मिळावी म्हणून उद्घाटन मंगळवारी ठेवले होते. अध्यक्षांनी भाषणात सांगितले, "आत्यांनी निर्जळी मंगळवार कधी मोडला नाही!" सगळे ऐकूनही, त्याच सभागृहात बसूनही, त्यांनी ते सांगितले, आणि टाळ्या पडल्या. मागे पाणी हिरवे, तांबडे, निळे होत उंच उडत होते.

मला व्यासपीठावर बसवेना. पाहुण्यांसाठी भरून ठेवलेल्या पेल्यांचा ट्रे उचलून मी खाली बाजारात गेलो. कारंज्याचे तुषार जिथवर येत होते, तिथेच, आत्यांच्या जागेवर, एक तरुण बाई सांभाराच्या जुड्या मांडून बसली होती. ओठ सुकून पांढरे पडलेले. मी एक पेला तिच्यापुढे धरला.

तिने कारंज्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. आणि पेल्यावर तळहात आडवा धरला.

"मंगळवार हाय जी."