वैशालीच्या वहीवर न केलेली सही

हे माझ्या बायकोलाही माहीत नाही. तिला सांगितलं, तर ती माझ्या बाकीच्या गोष्टीही तपासायला लागेल — अशी भीती वाटते. बघा, सुरुवातच संशयाने झाली. स्वभावच तसा माझा. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघणारा माणूस मी. कुणी हसून बोललं, की याला आता काय हवंय, हेच आधी मनात येतं. तुमच्यावरही पुरता भरवसा आहे असं नाही — पण सांगतो.

अंबडला आमची छोटी कंपनी. मोजमापाच्या यंत्रांसाठी सर्किट बनवतो. त्यातलं एक सर्किट विजेच्या लहरीचे आकडे करतं, डोळ्याचं पातं लवायच्या आत लाखो वेळा. एका पायरीचं उत्तर — हो किंवा नाही — मागे पाठवायचं आणि त्यावरून पुढची पायरी ठरवायची. वेग वाढवला, की ते उत्तर परत यायला उशीर व्हायचा आणि पुढचा आकडा चुकायचा. त्या एवढ्याशा उशिराशी मी आठ महिने डोकं फोडत होतो.

वैशाली चांदवडची. सहा महिन्यांच्या बोलीवर लागलेली. काम पसंत पडलं तर कंपनी तिला कायम करणार होती. आमच्याकडे पद्धत अशी, की काही सुचलं तर आपल्या वहीत लिहायचं आणि शेजारच्याने वाचून, तारीख घालून सही करायची. सही नसेल तर ते पान धरत नाहीत. तिच्या वहीवर सही करणारा — मी.

एका शनिवारी चहाच्या वेळी तिने वही माझ्यासमोर धरली. "सर, पाव्हणा साखर घेतो का नाय, ते कळंस्तोवर थांबायचं कशाला? दोन्ही कप तयार ठेवू." म्हणजे काय, तर 'हो' आलं तर पुढे काय आणि 'नाही' आलं तर पुढे काय, दोन्ही आधीच काढून ठेवायचं, उत्तर आलं की फक्त निवडायचं. माझे आठ महिने आणि तिचं दीड पान!

आनंद व्हायला हवा होता ना? माझ्या मनात पाल चुकचुकली. हिला हे सुचलंच कसं? माझे टाकलेले कागद उचलले असतील? मोबाइलवर कुणाशी सारखी बोलत असते ती? "सोमवारी करतो सही," म्हणालो. ती गेल्यावर कचऱ्याची टोपली उपसली, माझ्या जुन्या वह्या चाळल्या. कुठेच काही नव्हतं. तो विचार मला कधी शिवलाच नव्हता, हे मला तेव्हाच कळलं — कळलं, आणि तरीही मी ते माझ्या वहीत उतरवलं आणि जाता जाता आमच्या कंपनीच्या साहेबांची सही घेतली.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. ती उठून म्हणाली, हे माझ्या वहीत आहे. साहेबांनी तिची वही उघडली. सही नव्हती. त्यांनी मला विचारलं, हे पान तुम्ही आधी पाहिलं होतं का?

मी 'नाही' म्हणालो. भ्यालो म्हणून? हेव्यापोटी? दोन्ही असेल. तिने माझं चोरलं, असं सगळ्यांनी धरलं. तिला कायम केलं नाही. ते सर्किट आजही माझ्या नावाने चालतं आणि मी त्या विभागाचा प्रमुख आहे.

शेवटच्या दिवशी ती माझ्या टेबलाशी आली. आता ही तमाशा करणार, धमकी देणार — मी खिशातल्या मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करून ठेवलं होतं. खरंच ठेवलं होतं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय?

ती म्हणाली, "सर, मी पान दाखवलेलं, ते कामाच्या गडबडीत तुमच्या ध्यानात नसंल राहिलं. मनाला लावून घेऊ नका."

तिने माझ्यावर साधा संशयही घेतला नव्हता.

मी म्हणालो, "हो, तसंच झालं असेल."