गोंदणावर खोडरबर

माझ्या नातीला जपानी शाळेत कुणी वाळीत टाकलं असेल, तर ते मी. बाकी कुणी तिच्यासाठी एवढे कष्ट घेतले नव्हते.

मी चौथी पास. (म्हणजे चौथीपर्यंत गेले. पास झाले का, ते बघायला घरच्यांनी पाठवलं नाही.) माझा मुलगा प्रशांत टोकियोत कॉम्प्युटरचं काम करतो. मोठा भूकंप झाला त्या दिवशी तिथल्या गाड्या बंद पडल्या, आणि प्रशांत आणि सून मेघना आपल्या पोरीला, म्हणजे माझ्या सईला, लांबच्या हिंदुस्थानी शाळेतून आणायला अर्धं शहर पायी तुडवत गेले. तेव्हाच दोघांनी ठरवलं, शाळा घरापासून हाकेवर पाहिजे. मग तिला टोकियोच्या ओजिमा भागातल्या आमच्या बिल्डिंगजवळच्या जपानी शाळेत घातलं. वर्गात बाकी सगळी जपानी मुलं, मधे आमची एक सावळी सई. ती तिसरीत गेली तेव्हा मेघनालाही नोकरी लागली, म्हणून मला साताऱ्याहून बोलावून घेतलं. सईवर जरा नजर ठेव, एवढंच सांगितलं होतं. पुढचं सगळं मी आपल्या मनानं केलं.

सुरुवात सिनेमापासून झाली. एका रविवारी प्रशांतनं टीव्हीवर एक अमेरिकेतला सिनेमा लावला. घरच्या सगळ्यांनी मिळून बघण्यासारखा आहे म्हणाला. त्यात एक एवढीशी काळी पोरगी गोऱ्या मुलांच्या शाळेत पहिल्यांदाच जात असते, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी राहून तिच्या नावानं ओरडत असतात. मोठी माणसं! पोरीच्या पुढेमागे चार धिप्पाड पोलीस चालतात. प्रशांत मधेमधे सिनेमा थांबवून मला अर्थ सांगत होता, पण त्यात सांगण्यासारखं काय होतं? ओरडणं कुठल्याही भाषेत कळतं.

एक टोपीवाली बाई सगळ्यात पुढे होती. गळ्याच्या शिरा फुगवून ओरडत होती. मी प्रशांतला विचारलं, हिला घरी धुणीभांडी नाहीत का. तेवढ्यात सई, टीव्हीवरची नजर न काढता, म्हणाली, "आपल्या बिल्डिंगमधल्या केन्तानं पण माझ्या हातावर केशिगोमु घासून बघितलं."

केशिगोमु म्हणजे खोडरबर. एवढं जपानी मला येत होतं.

"कशाला गं?"

"रंग निघतो का बघायला."

"मग?"

"नाही निघाला."

गणिताचं उत्तर सांगावं तसं सांगितलं तिनं आणि परत सिनेमा बघायला लागली. मी मात्र उठून उभी राहिले. मेघनाचा चेहरा पडला. प्रशांत म्हणाला, "आई, लहान मुलं आहेत. मी टीचरशी बोलतो."

"कधी?"

"पुढच्या महिन्यात मीटिंग आहे ना."

पुढच्या महिन्यात! तोवर माझी नात खोडून संपली असती. मला बसवेना. मी गॅलरीत गेले, आत आले, गव्हाचं पीठ उगाच चाळलं, पुन्हा गॅलरीत गेले. त्या पोरीबरोबर चार पोलीस होते, माझ्या सईबरोबर कोण होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊवारीवर स्वेटर, पायात प्रशांतचे पळायचे बूट आणि हातात छत्री घेऊन मी खाली उतरले.

तिथली पद्धत अशी, की बिल्डिंगमधली मुलं खाली जमतात आणि रांग करून आपली आपण शाळेत जातात. डोक्यावर पिवळ्या टोप्या, पाठीला कडक दप्तरं. पुढे सहावीतली एक मुलगी, हिना नावाची, हातात झेंडा घेऊन. मोठं माणूस बरोबर नसतं. मी सईचा हात धरून रांगेच्या मधोमध शिरले.

"आज्जी, मोठे लोक येत नाहीत," सई पुटपुटली.

"अमेरिकेत चार आले होते."

"पण इथे कोणी ओरडत नाहीये."

तीच तर पंचाईत होती. मी तयारीनं आले होते आणि ओरडायला कुणी तयार नव्हतं. दुकानापुढे झाडणाऱ्या बाईनं वाकून नमस्कार केला. कुत्रं फिरवणाऱ्या म्हाताऱ्यावर मी छत्री उगारली, तर त्यानं टोपी काढली. एवढ्या लांबच्या देशात भांडायला जावं आणि समोरचा वाकतो म्हटल्यावर माणसानं करायचं काय? हिनानं मात्र मागे वळून मला रस्त्याच्या कडेनं चालायला लावलं. बारा वर्षांची पोर, पण आमच्या गावच्या फौजदारापेक्षा कडक. मी मुकाट्यानं कडेला झाले.

रांगेतला केन्ता कोणता, हे सई सांगेना. मी सगळ्या पोरांकडे सारखंच रागानं बघायचं ठरवलं. मग चेहऱ्यावरून ओळखलं. एक गोल तोंडाचा, नाक गळणारा पोरगा होता. पाप असलं की असं बाहेर येतं! रोज शाळेपर्यंत मी त्याच्या पाठीवर डोळे रोखून चालायची. त्याच्या पुढे एक किडकिडीत पोरगा होता, तो रोज मला बघून कमरेत वाकायचा. त्याला मी एकदा राजगिऱ्याची वडीही दिली. आईबापांनी वळण लावलंय, म्हटलं.

असं चालू होतं. मग मे महिना उजाडला, ऊन तापलं आणि मी स्वेटर काढला.

माझ्या दोन्ही हातांवर गोंदण आहे. कोपरापासून मनगटापर्यंत. एकावर तुळशीवृंदावन, दुसऱ्यावर कृष्णाचा पाळणा, खाली ठिपक्यांची नक्षी. मेल्यावर माणसाबरोबर एवढंच येतं, असं माझी आई सांगायची, म्हणून तिनं माझ्या हातांवर भरपूर काढून घेतलं होतं.

त्या सकाळी रांग एकदम गप्प झाली. हिनानं झेंडा छातीशी धरला. पोरं भराभर चालायला लागली, आमच्यात आणि त्यांच्यात बैलगाडी जाईल एवढी जागा पडली. झाडणारी बाई दुकानात गेली. कुत्र्याचा म्हातारा पलीकडच्या फुटपाथवर गेला आणि कुत्र्यालाही ओढून घेऊन गेला. नाक गळणाऱ्या पोरानं तर मला बघून नाक ओढायचं थांबवलं.

मी मनात म्हटलं, बसला दरारा! घरी येऊन मेघनाला सांगितलं, चार पोलिसांचं काम मी एकटीनं केलं. आता सईच्या अंगाला हात लावायची कुणाची छाती नाही.

खरंच कुणी हात लावला नाही. शेजारच्या जिन्यातली मियु नावाची पोरगी रोज दुपारी बेल वाजवून सईला खेळायला बोलवायची, तीही यायची बंद झाली. मला वाटलं, बरं झालं, डोकं शांत. सई खिडकीत बसून खालची मुलं बघायची. खाली जा म्हटलं तर अभ्यास आहे म्हणायची. जेवताना बोलायची नाही. एकदा भूकंपाचा छोटा धक्का बसला, ताटं खुळखुळली, मी गॅस बंद करायला धावले, तरी ही पोरगी भातच कालवत बसलेली. हवा मानवत नसेल म्हणून मी तिला ओव्याचं पाणी पाजलं.

आता दुसरी गोष्ट. त्या घरातल्या न्हाणीघराच्या भिंतीत एक बाई राहते. दिसत नाही, पण टबात पाणी भरलं की आधी गाणं वाजतं आणि मग ती गोड आवाजात काहीतरी बोलते. ती फक्त पाणी तापल्याचं सांगते, असं मेघनाचं म्हणणं. सांगत असेल. पण मी अंगावर कपडा नसताना परक्या बाईचं ऐकून घेत नाही. म्हणून मी आत जायची, नळ सोडायची, तोंड-हात-पाय ओले करायची आणि अंघोळीला लागतो तेवढा वेळ काढून बाहेर यायची.

"आई, तुमचा टॉवेल कोरडा कसा असतो?" मेघनानं एकदा विचारलंच.

"इथं वारा फार," मी म्हटलं.

त्या रविवारी ती म्हणाली, चला, उरायासुला गरम पाण्याची मोठी सार्वजनिक न्हाणी आहे, सगळ्या बायका एकत्र अंघोळ करतात, तुम्हाला बरं वाटेल. भिंतीतली बाई परवडली असं मला झालं, पण नाही कसं म्हणायचं? सई, मेघना आणि मी गाडीनं गेलो.

दारात एक पोरगी बसली होती. तिनं हसून या म्हटलं, मग माझे हात बघितले आणि तिचं हसणं होतं तिथंच थांबलं. तिनं स्वतःच्या दोन्ही हातांची फुली करून दाखवली. मग खालून एक पाटी काढली. पाटीवर एक उघडाबंब माणूस, पाठभर नागासारखं जनावर गोंदवलेला, आणि त्याच्यावर लाल काट.

"हा कोण?" मी मेघनाला विचारलं.

मेघना खाली बघत म्हणाली, "आई, माझ्या लक्षातच आलं नाही, इथे गोंदवलेल्यांना आत सोडत नाहीत. इथे गुंड लोक गोंदवतात."

"तुळशीवृंदावन?"

"नाही, पण... त्यांना काय कळणार?"

मी दारात घट्ट उभी राहिले. सिनेमातली पोर आता मीच होते, आणि माझ्याबरोबर पोलीस नव्हते. (असते तर त्यांनी मलाच धरलं असतं.) मी त्या पोरीला मराठीत चार शब्द सुनावणार, एवढ्यात सईनं माझा पदर ओढला.

"शाळेत पण सगळे तेच म्हणतात. सईची आजी याकुझा आहे." याकुझा म्हणजे आपल्याकडचे भाई लोक. "मियुची आई तिला माझ्याकडे येऊ देत नाही. माझ्याबरोबर कोणी जेवत पण नाही."

"आणि तू मला बोलली नाहीस?"

"तू खूश होतीस."

त्या पोरीला सुनवायचे चार शब्द मी गिळले. असं माझ्या आयुष्यात फारसं झालेलं नाही. परतीच्या गाडीत मी दोन्ही हात टॉवेलखाली झाकून बसले. टॉवेल कोरडाच होता.

घरी आल्यावर सई म्हणाली, "आज्जी, उद्या तू येऊ नको."

प्रशांत म्हणाला, मी टीचरशी बोलतो. मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. मेघना म्हणाली, लांब बाह्यांचा झंपर घाला. पण आता झाकून काय उपयोग? दोन दिवस घरात बसले असते तर तुरुंगात गेली म्हणाले असते. आणि ती टोपीवाली बाई सारखी माझ्या डोळ्यांपुढे येत होती. तिला मी रोज रस्त्याच्या कडेला शोधत होते. ती रांगेतच होती, सईचा हात धरून.

सकाळी मी सईच्या आधी खाली गेले. छत्री घेतली नाही. मुलं जमतात तिथल्या बाकड्यावर बसले, हात मांडीवर उघडे ठेवले. मुलं लांबच थांबली. सई खाली आली, मला बघून तिचा चेहरा रडवेला झाला. तिच्या मागून मेघना आली, ऑफिसची पर्स खांद्याला.

"सई, मी बोलते ते त्यांना सांग," मी म्हटलं. "हे गुंडाचं नाही. मी तुमच्याएवढी होते तेव्हा एका बाईनं सुयांनी टोचून केलं. मला विचारलं नव्हतं. मी इतकी बोंबलले की बैल दावं तोडून पळाला. आणि मी त्या बाईला चावले."

सईनं हळू आवाजात सांगायला सुरुवात केली. चावण्यापाशी आल्यावर तिनं स्वतःच्या हाताला चावून दाखवलं. कुणीतरी फिसकन हसलं. मियु एक पाऊल पुढे आली.

"आता सांग, खोटं वाटत असेल तर खोडून बघा. खोडरबर कोणाकडे आहे?"

नाक गळणाऱ्यानं शेजारी बघितलं. शेजारचा तो किडकिडीत, वळणाचा, राजगिऱ्याची वडी खाणारा पोरगा पुढे आला, कमरेत वाकला आणि खिशातून खोडरबर काढला.

"हा केन्ता," सई म्हणाली.

माझी वडी! पण माणूस ओळखण्यात मी अशी आहे.

मी त्याच्यापुढे हात धरला. "घास. पण त्याला हेही सांग, सई. यापुढे घासायचं तर माझ्या हाताला. तुझ्या हाताला नाही. तुझ्या हाताला परत लावलं तर चावेन."

सईनं ते न हसता सांगितलं, केन्ताच्या डोळ्यांत बघून. तो कानापर्यंत लाल झाला. सईपुढे वाकला. माझ्यापुढे वाकायचा त्याहून खाली. मग बाकड्यापाशी बसून तुळशीवृंदावन घासायला लागला. मियुही दप्तर उतरवून आली, तिनं कृष्णाचा पाळणा घेतला. हिनानं झेंडा खाली ठेवला आणि देखरेख करायला उभी राहिली. तुळशीचं एक पान हललं नाही. मी ऐटीत मेघनाकडे बघितलं.

तेवढ्यात केन्ता थांबला. वाकून बघायला लागला. मग त्यानं सगळ्यांना बोलावलं. माझ्या हातावर तुळशीच्या शेजारी खोडरबराच्या काळ्याकुट्ट वळ्या साठल्या होत्या, आणि त्यांच्याखाली एक गोरापान पट्टा निघाला होता.

पोरं खिदळायला लागली. सई हसता हसता बाकड्यावर बसली. किती दिवसांनी हसत होती ती.

"काय म्हणतो गं तो?"

"आज्जी, तो म्हणतो, सईचा नाही निघाला. आजीचा निघाला."

मी हात मागे घेतला, पण उशीर झाला होता. मेघनानं वाकून तो पट्टा नीट बघितला. "वारा फार," म्हणाली, आणि ऑफिसला गेली.

रांग निघाली. सई आणि मियु मधे, मी नव्हते. दुपारी बेल वाजली, मियु आली, आणि तिच्या मागे आपापला हात खोडून बघायला आणखी दोघं.

त्या संध्याकाळी मेघनानं टब भरला, गाणं वाजलं, भिंतीतली बाई बोलली आणि मेघना पदर खोचून दारात उभी राहिली. अमेरिकेतल्या त्या पोरीला शाळेत न्यायला चार पोलीस लागले. मला न्हाणीघरात न्यायला सून एकटी पुरते.