नूरीनच्या शेजारची जागा

आधीच सांगते, नूरीनबद्दल माझ्या तोंडून सरळ काही ऐकायला मिळणार नाही. तिचं नाव निघालं की माझ्या पोटात दुखतं, आणि उंब्रजमध्ये हल्ली तिचं नाव सारखं निघतं. दुसऱ्या कुणाला विचाराल तर तो गोड गोड सांगेल. पण तिला माझ्याइतकं गावात कुणी ओळखत नाही, तेव्हा सांगणार मीच.

नूरीन ही चांदसाहेब नदाफांची मुलगी. हायवेच्या कडेला चांदचाचांचं गाद्यांचं दुकान आहे. खाली कापूस पिंजायचं मशीन, वर दोन खोल्या. त्यातल्या रस्त्याकडच्या खोलीत बसून ही बाई माणसं नोकरीला लावते आणि त्यांचे पगार करते. माणसं आपल्याकडची नव्हेत. कुणी पेरू देशातल्या लिमाचं, कुणी नैरोबीचं, काही लिस्बनची, काही मनीलाची. दवाखान्यांत नंबर लावायचं सॉफ्टवेअर करणारी परदेशी कंपनी आहे, आणि तिला ऑफिस असं कुठंच नाही. सगळे आपापल्या घरी बसून काम करतात. माझी सासू बनुबाई मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, की हापिस हाय की, चांदसायबाच्या माडीवर.

आणि मी? मी गावातल्या एका पतसंस्थेत काउंटरला बसते. नवरा फौजेत, वर्षातून दोनदा येतो. माहेर आणि सासर एकाच गावात, मध्ये फक्त बाजारपेठ. पतसंस्थेत माझं काम चोख आहे, हे मॅनेजरसुद्धा मान्य करतात. कुणाचं कर्ज मंजूर झालं की चेक कधी न्यायचा तेही मीच ठरवते, कारण मॅनेजर सांगलीकडचे आणि त्यांना गावची नस कळत नाही. अवसेला, म्हणजे अमावस्येला, आमच्याकडं चेक न्यायला कुणी येत नाही. मी आपली आदल्या दिवशीच फोन करून बोलावते. त्या दिवशी चांदचाचांच्या दुकानातूनही गादी हलत नाही, ते मशीनला तेलपाणी करत बसतात.

नूरीन आणि मी कराडला एकाच वर्गात बी.कॉम. केलं. एस.टी. सकाळी साताऱ्याहून भरून यायची. नूरीन चपळ. गाडी थांबायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून दोघींची जागा धरायची. मी मागून धापा टाकत चढायचे, तोवर तिनं चार जणांशी भांडण करून माझी जागा राखलेली असायची. तिच्या ओढणीला कापसाचे धागे चिकटलेले असायचे, ते मी कराड येईपर्यंत वेचायचे. पण वर्गात पहिली मी यायचे. ती दुसरी. तिन्ही वर्षं. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण आता गावात हे कुणाला आठवत नाही.

पुढं माझं लग्न झालं आणि ती पुण्याला गेली. तिथं एका कंपनीत, पगाराच्या तक्रारी फोनवर ऐकायचं काम. कुणाची रजा कापली, कुणाचा भत्ता राहिला, लोक शिव्या घालायचे आणि ही ऐकायची. मला तेव्हा तिची कीव यायची आणि खरं सांगू, बरंही वाटायचं. मग लॉकडाउनमध्ये ती लॅपटॉप घेऊन घरी आली. वर्षाभरात तिनं ही नवी नोकरी मिळवली, आणि माझं बरं वाटणं संपलं.

आता तिचा थाट बघा. अंगावर साधा पंजाबी ड्रेस, पण खुर्ची अशी, की मागं रेलली तर आपण झोपून जाऊ. पेरूत जुलैला आणि डिसेंबरला पगाराएवढा बोनस कायद्यानंच द्यावा लागतो, हे ती आमच्या ओट्यावर चहा पिताना सांगते आणि बनुबाई कीर्तन ऐकल्यासारखी मान डोलावते. "नूरीन, मनीलात आता किती वाजलं असतील गं?" हे म्हातारीचं रोजचंच. ती सांगते. मग म्हातारी माझ्याकडं बघून म्हणते, "बघ, पोरगी सगळ्या जगाची वेळ डोक्यात घिऊन फिरती." माझ्या डोक्यात त्या म्हातारीच्या गोळ्यांची वेळ असते, ती कुठं जाते?

तिच्या कामाची एक तऱ्हा आहे. नवीन माणूस घेतलं की ती त्याला फोन लावते आणि कागदपत्रांच्या आधी विचारते, तुमच्या घरात पैसा कधी लागतो? नैरोबीतल्या एकानं सांगितलं, जानेवारीत, पोरांच्या शाळेची फी असते. तिनं वरच्या लोकांशी हुज्जत घालून त्याचा जानेवारीचा पगार आधी सोडला. ही अक्कल चांदचाचांची. कुणाच्या घरी लग्न कधी, कुणाची लेक बाळंतपणाला कधी येणार, हे विचारून ते गादी भरायला घेतात. नूरीन तेच करते, फक्त इंग्रजीत. यात एवढं काय मोठं आहे, असं मी दहा वेळा स्वतःला विचारलं आणि दर वेळी माझा तिळपापडच झाला.

डिसेंबरात ती पतसंस्थेत आली. काउंटरवर कोपर टेकून म्हणाली, "क्रांते, माझ्या हाताखाली एक माणूस घ्यायचं ठरलंय. पगाराच्या कामाला. तू अर्ज टाक."

हाताखाली! मी पेन तिच्या अंगावर फेकणार होते.

"मला न्हाई गरज," मी म्हटलं. "आणि तू लावलीस म्हणून लागले, असं जन्मभर ऐकू व्हय?"

"मी लावणारी कोण? अर्जावरचं नाव आमाला दिसतच न्हाई. नुसता नंबर असतो. सगळ्यांनी एकच परीक्षा द्यायची, आम्ही तिघं तपासणार. वळखीचं माणूस हाय असं कळलं, तर मला ते सांगून बाजूला व्हावं लागतं. तसा करारच हाय." आणि जाता जाता वळून म्हणाली, "अर्ज टाकलास का न्हाई, ते मला सांगूसुदिक नगंस."

घरी येईस्तोवर मी चिडले होते. स्वयंपाक होईस्तोवर माझं ठरलं होतं. मला ती नोकरी हवी होती. भयंकर हवी होती. बनुबाईनं माझ्याकडं बघून मान डोलवायला हवी होती. आणि नूरीनच्या नकळत, नुसत्या नंबरावर, सगळ्या जगात पहिली येऊन मग तिच्यापुढं उभं राहायचं होतं. बघ, म्हणावं, वर्गातला नंबर अजून तोच आहे.

परीक्षा रविवारी दुपारी दिली. माझ्या पोरीला माहेरी पाठवलं, बनुबाईला टीव्ही लावून दिला. रजेचे हिशेब, कराराच्या चुका, सगळं मला हातखंडा वाटलं. शेवटचा प्रश्न मोठा होता. पाच देशांतल्या माणसांना नव्या वर्षात महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी पगार मिळायचा आहे, त्या-त्या देशाच्या बँकांच्या सुट्ट्या बघून वर्षाचं वेळापत्रक करा. मी एकेका देशाच्या सुट्ट्या शोधल्या, मांडल्या, पुन्हा तपासल्या. शेवटी भिंतीवरच्या नव्या कॅलेंडरवर एक नजर टाकली, रोजच्या सवयीनं एकदोन तारखा सारख्या केल्या आणि पाठवून दिलं. इतकं सुबक काम पतसंस्थेनं कधी बघितलं नसेल.

मग वाट बघणं सुरू झालं. नूरीन ओट्यावर यायची, मी तोंडावरची रेघ हलू द्यायची नाही. एके दिवशी मात्र तिनं चहा घेतलाच नाही, नुसती कपाकडं बघत बसली. मग तशीच उठून गेली. मला वाटलं, परीक्षेत पहिल्या आलेल्या त्या नंबराची हिला धास्ती बसलेली दिसते. त्या दिवशी मी लय खूश होते.

उत्तर आलं ते नकाराचं. चार ओळींचं, गोड इंग्रजीत. मी ते पतसंस्थेतच वाचलं आणि समोरच्या माणसाला दोनदा चुकीचं पासबुक दिलं.

संध्याकाळी नूरीन घरी आली. ओट्यावर नाही, थेट स्वयंपाकघरात. मी भाकरी थापत होते.

"क्रांते, तू अर्ज टाकला होतास."

"कुणी सांगितलं तुला?"

"तूच. ऑगस्टचा पगार तू एक दिवस आधी ठेवलास. पाचही देशांत. महिन्याच्या शेवटच्या दिवशी सुट्टी कुठंच न्हवती. मी डोकं खाजवत बसले. मग सप्टेंबरचाही एक दिवस आधी. म्हटलं, हे काय गौडबंगाल? म्हणून खाली जाऊन अब्बांच्या दुकानातलं कॅलेंडर बघितलं."

माझा हात पिठातच थांबला.

"ऑगस्टअखेर अवस," ती म्हणाली. "सप्टेंबरअखेर सर्वपित्री अवस. आणि ऑक्टोबरलाबी अवसच हाय, पण ती तारीख तू हलवली न्हाईस. दिवाळीची अवस, लक्ष्मीपूजन, त्या दिवशी पैसा आलेला चालतो. जगात एवढं कोण बघणार? मला एका मिनिटात कळलं. लिमातल्या माणसाला अवसेला पगार नगं म्हणणारी बाई आमच्याच पेठेतली."

बाहेरून बनुबाईचा आवाज आला, "बरुबरच केलंय की तिनं! अवसेला कोण पैका घेतंय?"

"आवं आत्या, तुमी गप बसा!" मी ओरडले. मग नूरीनला विचारलं, "एवढ्यानं नापास केलंत?"

"ऑगस्टचा जो दिवस तू धरलास, त्या दिवशी मनीलात बँका बंद असतात."

ते मला माहीत होतं! ती सुट्टी मीच शोधून मांडली होती. मीच माझ्या हातानं, चालू बँकेच्या दिवसावरून उचलून पगार बंद बँकेच्या दिवशी नेऊन ठेवला होता. काउंटरवर बसून जडलेल्या हाताच्या सवयीनं. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी ती उलटायचं मला सुचेना.

"तुला कळलं होतं," मी म्हटलं. "मग त्यांना समजावून सांगायचं हुतंस. आमच्या गावची रीत हाय म्हणून. गप बसून मार्क द्यायचं हुतंस. त्या चहाच्या दिवशी तुला ठावं हुतं ना?"

"ठावं हुतं. त्याच दिवशी सकाळी मी वर कळवलं, की या नंबराची बाई माझ्या वळखीची हाय, मी बाजूला होते. बाकी दोघांनी तपासलं."

"वा! लय मोठी झालीस. एस्टीत माझ्यासाठी चार जणांशी भांडायचीस."

ती म्हणाली, "गप बसून तुला घेतलं असतं, तर तू म्हणाली असतीस, नूरीननं वशिला लावला. रोज म्हणाली असतीस. मला न्हाई, स्वतःला."

मी तिला तोंड भरून काहीतरी सुनावणार होते. पण ती म्हणाली ते खरं होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. "जा," मी म्हटलं, "भाकऱ्या करपल्या माझ्या." ती उठली. दारात थांबून म्हणाली, "पुढच्या टायमाला परत टाक. आणि कॅलेंडर भिंतीवरनं काढून ठेव." ती गेल्यावर मी करपलेली भाकरी म्हातारीच्याच ताटात वाढली.

जागा मनीलाच्या एका बाईला मिळाली. तिचं नाव मला माहीत आहे, पण मी घेणार नाही. त्या दोघींचं काम एकत्रच चालतं, म्हणून दिवसभर कॅमेरा चालू ठेवतात. ही इकडं आकडे वाचते, ती तिकडं जुळवते. नूरीन सांगत होती, एका बाकावर शेजारी बसल्यासारखंच वाटतं. हे तिनं मला कशाला सांगावं?

मी पतसंस्थेत जाते ती चांदचाचांच्या दुकानावरूनच. खाली मशीनचा घुरघुराट असतो आणि वरच्या खिडकीतून हसणं ऐकू येतं. नूरीनचं मी लांबून ओळखते, शेवटी तिला ठसका लागतो. पण त्यात आता दुसरं एक हसणं असतं, बारीक, किणकिणतं. ती बाई हिला "नूर" म्हणते. नूर! मी पंधरा वर्षं नूरीन म्हणतेय, मला कधी सुचलं नाही.

परवा चांदचाचांनी हाक मारली. "पोरी, उनात का उभी? वर जा की, नूरीन हाय."

"न्हाई चाचा, उशीर झालाय," मी म्हटलं. पण तिथंच उभी राहिले. लोकांना वाटतं मी नूरीनच्या पगारावर जळते, तिच्या खुर्चीवर, तिच्या इंग्रजीवर. मलाही तसंच वाटायचं. आता त्यातलं काही मला नको, सगळं तिलाच राहू दे. वर खिडकीत त्या दोघी हसत होत्या, आणि मला त्या मनीलाच्या बाईचं तोंड ओरबाडावंसं वाटत होतं. गाडी कितीही भरून आली तरी नूरीनच्या शेजारची ती जागा माझी होती. त्या जागेवर रुमाल टाकलेला असायचा.