साहेबरावांचा फळा

आमच्या कळंबात दूध डेअरीसमोर एक काळा फळा आहे. त्यावर साहेबराव रोज सकाळी सुविचार लिहितात. सुविचार लिहिणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. कॅलेंडरच्या पाठीमागून उतरवायचा आणि खाली आपलं नाव ठोकायचं. साहेबरावांचं तसं नाही. कारखान्याच्या वजनकाट्यावरून निवृत्त झाल्यापासून ते स्वतःच्या डोक्यातलं लिहितात. डोक्यात सगळं चांगलंच असतं असं नाही. 'मनाचा रेडिएटर गरम होऊ देऊ नका' असंही त्यांनी लिहिलंय. पण अंगात ताप असो नाहीतर घरात लग्न, चहा घेतला की हा माणूस ओलं फडकं खांद्यावर टाकून फळ्यापाशी हजर.

त्यांना एकच हवं होतं, कुणीतरी वाचावं. आणि डेअरीवर आलेला माणूस दुधाची फॅट बघतो, फळा बघत नाही. मी वाचायचे, पण ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढायचे, त्यामुळे मला ते वाचकांत धरत नसत.

एके दिवशी कुणीतरी निम्मा सुविचार पुसून तिथं 'म्हैस विकणे आहे' लिहिलं. साहेबरावांनी तेही गिळलं. मग भिमाला, रोज त्याच फळ्याला टेकून तंबाखू मळणाऱ्या भिमाला, त्यांनी विचारलं, काल काय लिहिलं होतं? भिमा म्हणाला, "चांगलंच असंल की कायतरी."

इथं माणूस खचला. दुसऱ्या सकाळी त्यांनी मोठ्या अक्षरांत दोनच शब्द लिहिले, 'आशा संपली'. खडू गटारात फेकला आणि घरी जाऊन पांघरूण घेऊन पडले.

आता आमच्याकडं आशा म्हणजे करुणा. दवाखान्याच्या वतीनं घरोघरी फिरणारी आशा सेविका. तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर तेवढं उरलंय, गाव तिला आशाच म्हणतं. आणि माणूस संपलं म्हणजे काय, हे लहान पोरालाही कळतं. दूध मोजायचं थांबलं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. काल तर पोरांना डोस पाजून गेली, चांगली बोलत होती, असं जो तो सांगू लागला. भिमा स्वतः जाऊन हार घेऊन आला.

तेवढ्यात करुणा स्कूटीवरून आली. हार बघून तिनं कोण गेलं म्हणून विचारलं. भिमानं नुसता फळा दाखवला.

ती तडक साहेबरावांच्या घरी. मीही मागोमाग गेले, असलं काही मी चुकवत नाही. करुणानं पांघरूण ओढलं.

"तात्या, मला कशापायी मारलं?"

मग तिनं झालेलं सगळं ऐकवलं. साहेबराव उठून बसले. चेहऱ्यावर पश्चात्ताप दिसेल असं मला वाटलं होतं.

"म्हंजी लोकांनी वाचलं?"

"हार आणलाय तात्या."

"भिमानं बी वाचलं?"

"हार त्यानंच आणलाय."

त्यांनी चपलासुद्धा घातल्या नाहीत. नवा खडू घेतला आणि सगळ्यांसमोर लिहिलं, 'आशा जीवंत आहे'. जि पहिली, मी म्हणाले. त्यांनी मुकाट्यानं दुरुस्त केली.

हार वाया नको म्हणून भिमानं तो फळ्यालाच घातला. झालं. दुसऱ्या सकाळी दूध घालायला आलेले हार बघून एकमेकांना विचारू लागले, साहेबराव कधी गेले? साहेबराव खांद्यावर फडकं टाकून त्यांच्या मागंच उभे होते.

"आधी वाचा," ते म्हणाले, "मंग रडा."